चौतीस टक्क्यांचे हात

लोक म्हणतात थोरलीला राग फार. असेल. पण ज्या दिवशी ते पत्र आलं त्या दिवशी तिच्या जागी एखादा संत असता, तरी त्यानं आधी पत्राचे तुकडे केले असते आणि मग पोस्टमनला परत बोलावून दोन शब्द सुनावले असते. थोरलीनं फाडलं नाही, कारण अपिलाला मूळ पत्र लागतं हे तिला ठाऊक होतं. तिनं ते शिवणाच्या टेबलावर ठेवलं, उडू नये म्हणून वर कात्री ठेवली आणि धाकट्या बहिणीकडे न बघताच म्हणाली, "चौतीस."

"आणि लागतात किती?" धाकटीनं विचारलं.

"चाळीस. तुलाही माहितीये चाळीस लागतात. कशाला विचारतेस?"

"मला वाटलं, बदलले असतील."

यावर थोरलीला हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. पण आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सहा टक्के! चाळीस टक्क्यांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर दरमहा भत्ता. चौतीस टक्क्यांना एक शिक्का मारलेला कागद आणि खाली 'धन्यवाद'. कुणी लिहिलं असेल ते धन्यवाद? कोण बसलं असेल तिथं धन्यवाद टाइप करत?

धाकटी काम करायची ती लॉन्ड्री कारखान्याएवढी मोठी होती. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. ओली चादर रोलरच्या तोंडाशी द्यायची. दोन तापलेल्या लोखंडी रुळांमधून ती दाबत जाते आणि पलीकडे कोरडी, कडक, इस्त्री होऊन बाहेर पडते. रुळांच्या अलीकडे एक आडवी दांडी असते. तिला नुसता धक्का लागला की यंत्र थांबतं. आता यंत्र थांबलं की वेळ जातो, म्हणून सुपरवायझरनं ती दांडी तारेनं वर बांधून टाकली होती. दीड वर्षापूर्वी एका चादरीचं टोक दुमडलं, धाकटीनं ते सरळ करायला हात घातला आणि हात आत गेला. तो ओढून काढायला दुसरा गेला. यंत्र बंद करणारी बाई चार पावलांवर होती, पण चार पावलं फार असतात. चौकशीत लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. चौकशीआधी दांडीची तार कुणी सोडली, हे कुणी विचारलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

आठ महिने हॉस्पिटलात गेले. मांड्यांची कातडी काढून दोन्ही हातांवर लावली. कातडी धरली, जखमा भरल्या, घरी सोडलं. बघणाऱ्याला वाटतं झालं, संपलं. पण लावलेली कातडी आटते. थोरली सोफ्याची कव्हरं शिवते, तिला कापड आटणं माहीत आहे. पण कापड एकदा धुतलं की आटून मोकळं होतं. ही कातडी रोज आटते. तिला घाम येत नाही, ऊन सोसत नाही, वाफ तर लांबूनही सोसत नाही. आणि तशीच सोडली तर बोटं तळहाताकडे ओढून घेते आणि तिथंच धरून ठेवते.

म्हणून रोज सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी थोरली बहिणीचे हात 'करायची'. घरात तोच शब्द पडला होता. "चल, हात करू." हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईनं शिकवलं होतं तसं. घमेल्यात कोमट पाणी, त्यात हात बुडवून पंधरा मिनिटं. मग तेल. मग अंगठ्यानं प्रत्येक वण दाबत, गोल फिरवत मऊ करायचा आणि शेवटी एकेक बोट धरून सरळ करायचं. त्या वेळी धाकटी दातांत टॉवेल धरायची आणि थोरली रेडिओ मोठा करायची, कारण भिंती पातळ होत्या आणि शेजारणीला आपल्या घरात काय चाललंय हे कळावं अशी दोघींचीही इच्छा नव्हती. चाळीसेक मिनिटांनी हात उघडायचे. मग चारेक तास हात धाकटीचे असायचे. तेवढ्यात ती वेणी घालायची, बटणं लावायची, चमच्यानं खायची. त्यानंतर करंगळीपासून सुरुवात व्हायची. दुपारपर्यंत दोन्ही हात मिटलेले, आणि संध्याकाळपर्यंत थोरली तिला भरवायची.

थोरलीची बोटं जाड, अंगठा सुतारासारखा. जाड रेक्झिनमधून सुई ढकलणारे हात ते. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, आला की म्हणायचा, "तुझ्या हातात बोट द्यायलासुद्धा भीती वाटते." पण धाकटीचे हात जगले ते त्याच अंगठ्यामुळे. व्यायामवाल्या बाईनं इतर पेशंटना बोलावून दाखवले होते, "बघा, घरचं माणूस मनावर घेतं तेव्हा असं होतं." थोरलीला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तोच अभिमान नडला.

तपासणीच्या दिवशी थोरली चारला उठली. डॉक्टरकडे जायचं म्हणजे स्वच्छ, नीटनेटकं जायचं, हे त्यांच्या आईनं दोघींच्या हाडात मुरवलं होतं. नाहीतर डॉक्टरला वाटेल घरात कुणी काळजी घेत नाही. म्हणून त्या दिवशी हात एकदा नाही, दोनदा केले. वर जरा महागातलं तेल लावलं. नऊ वाजता त्या डॉक्टरांसमोर बसल्या तेव्हा धाकटीचे हात इतके मोकळे होते की अपघातानंतर कधी नव्हते. डॉक्टर म्हणाले, मूठ करा, उघडा, करा, उघडा. धाकटीनं पाच वेळा केली, शाळेत बाईंनी फळ्याजवळ बोलावल्यासारखी मन लावून. डॉक्टरांनी कोनमापकाची पट्टी बोटांना लावली, आकडे सांगितले, कारकुनानं लिहिले.

"वा," डॉक्टर म्हणाले. "छान ठेवलेत हात."

आणि थोरली, आपली शहाणी थोरली, खुर्चीत ताठ होऊन म्हणाली, "मी करते, साहेब. रोज दोनदा. एक दिवस चुकवलेला नाही. दुपारी जरा आखडतात, पण सकाळी बघा कसे लोण्यासारखे असतात."

कारकुनानं 'लोण्यासारखे' लिहिलं नाही. त्यानं लिहिलं, 'हालचाल चांगली.' सात मिनिटांत दोघी बाहेर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे सगळं आता चौतीसच्या आकड्याकडे बघत थोरलीला एकेक करून आठवत होतं, आणि तिला समोरच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. आपलं आधी, मग त्या डॉक्टरचं.

त्यात जखमेवर मीठ चोळायला दोन दिवसांनी लॉन्ड्रीचं पत्र आलं. भाषा मोठी गोड. आपलं अपंगत्व ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं समजलं, आनंद झाला, म्हणजेच आपण कामास सक्षम आहात; तरी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला रोलर विभागात हजर व्हावं, न झाल्यास आपलं नाव कमी करण्यात येईल.

"आनंद झाला म्हणे!" थोरली ओरडली. "मेल्यांनो, या इकडे, दाखवते आनंद!"

धाकटी पत्र मांडीवर ठेवून बसली होती. "रोलर विभाग," ती म्हणाली. "दुसरा कुठलाच नाही. रोलरच."

भत्ता मिळाला तर ती घरी बसू शकत होती, हात करून घेऊ शकत होती. नाही मिळाला तर पहिल्या तारखेला त्या वाफेत उभी. एवढाच सरळ हिशेब होता.

अपिलाचा अर्ज लिहून घ्यायला थोरली धाकटीला घेऊन कार्यालयाच्या फाटकापाशी बसणाऱ्या अर्जवाल्याकडे गेली. घडीचं टेबल, छत्री, तीन पेनं आणि चेहऱ्यावर सगळं जग कोळून प्यायल्याचा भाव. त्यानं पत्र वाचलं, धाकटीचे हात बघितले आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमचं नेमकं काय चुकलं सांगू? तुम्ही चांगले हात घेऊन आलात. इथं चांगलं काही घेऊन यायचं नसतं. अपिलाची तारीख बारा दिवसांनी आहे ना? बारा दिवस काही करू नका. तेल नाही, पाणी नाही. मग या. पट्टी लावायचीही गरज पडणार नाही."

"आणि हात?"

"हात नंतर करा की. पळून जातायत का?"

थोरली त्याला बरंच काही बोलणार होती, पण धाकटीनं मध्येच विचारलं, "नक्की होतं असं केलं की?"

"माझ्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच झालंय," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी थोरलीनं घमेलं भरलं तेव्हा धाकटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. "नको करूस, ताई."

"वेडी आहेस का?"

"बाराच दिवस."

थोरलीनं मनाविरुद्ध पाणी ओतून दिलं. पहिल्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच हात मिटलेले होते. तिसऱ्या दिवशी धाकटी झोपेत कण्हायला लागली. चौथ्या दिवशी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात कातडी उलली आणि उशीच्या खोळीवर रक्त दिसलं. थोरलीनं गॅसवर पाणी ठेवलं.

"ताई, नाही म्हटलंय ना मी!"

"तुझं नाही गेलं चुलीत! हात पुढं कर."

"आठच दिवस राहिलेत!"

"आठ दिवसांत बोटं चिकटतील तुझी! दहा महिने मी काय अंगठे झिजवले ते यासाठी?"

"मग तू कशाला सांगितलंस त्यांना?" धाकटी किंचाळली. कधी आवाज न चढवणारी बाई ती. "कोणी विचारलं होतं तुला? लोण्यासारखे म्हणे! शाबासकी पाहिजे होती ना तुला? घे! माझे हात आणि तुझी शाबासकी!"

थोरलीनं गॅस बंद केला. धाकटी बोलली ते खरं होतं. ती चपला घालून बाहेर पडली आणि तडक हॉस्पिटलात व्यायामवाल्या बाईकडे गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चार दिवस ठीक आहे, भरून काढू. बारा दिवस सोडलेत तर मला पुन्हा उघडता येणार नाहीत. परत ऑपरेशन, परत कातडी. आणि मांड्यांवर आता घ्यायला जागा कुठाय?"

"मग भत्ता नको म्हणता?"

"मी कुठं तसं म्हणतेय?" बाई म्हणाल्या आणि टेबलावरचं रजिस्टर त्यांनी उगाच सरळ केलं. "मी तीन पत्रं लिहिली त्या कार्यालयाला, की भाजलेल्या माणसाला दिवसातून दोनदा मोजा. उत्तर नाही."

घरी येताना थोरली रस्ताभर मोठ्यानं बोलत होती, लोक वळून बघत होते. म्हणजे हात सांभाळले तर भत्ता नाही, आणि भत्ता हवा तर हात मोडून आणा! बरं, हात मोडून भत्ता घेतला तर त्या पैशानं करायचं काय, अंगठ्या घ्यायच्या? कुठल्या शहाण्यानं बसवला हा नियम? त्याचं बोट कधी गरम भांड्याला तरी लागलं असेल का? ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीचे पट्टी लावतात.

घरात शिरली तेव्हा धाकटी घमेल्यासमोर बसली होती. पाणी तिनंच कसंबसं भरलं होतं, अर्धं जमिनीवर सांडलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी चुकीचं बोलले."

"नाही. बरोबर बोललीस."

"हात कर. आणि त्या दिवशीही कर, नेहमीसारखेच, सकाळी सहाला. मग आपण तिकडे जाऊ आणि तिथंच बसू. मिटेपर्यंत."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. दीड वर्ष आपण हिच्यासाठी बोलतोय, ओरडतोय, आणि अक्कल सगळी हिच्याकडे, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला त्याचाही राग आला.

अपील ज्या डॉक्टरांविरुद्ध होतं, ते ऐकायला तेच डॉक्टर बसले होते. खोली तीच, टेबल तेच, तोच कारकून. बाहेर बाकावर त्यांच्या आधीचा नंबर असलेला एक बेकरीवाला होता, पन्नाशीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्याच्या अंगावर खवले धरतात, सांध्यांपाशी कातडी फुटते, पिठाला हात लावला की आग होते. पण रोग लहरी, महिनाभर पेटतो आणि मग चार दिवस शांत.

"आणि तारीख आली की शांत," तो म्हणाला. "हजेरीच्या दिवशी माझा रोग सुट्टीवर. आजही बघा, गालावर काही नाही. जुने वण आहेत ते बटणांखाली, तिथं कोण बघतंय! लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय मी."

"मग सांगा ना त्यांना!"

"दोनदा सांगितलं. म्हणाले, रोग असेल तेव्हा या. रोग असतो तेव्हा मी बिछान्यातून उठत नाही हो."

त्याच्या आधी यांना हाक आली, कारण कारकुनाची यादी उलटसुलट झाली होती. साडेनऊ वाजले होते. डॉक्टरांनी पट्टी लावली. बोटं सरळ. मूठ करा, उघडा. डॉक्टरांनी जुना कागद बघितला, नवे आकडे बघितले.

"बदल नाही," ते म्हणाले. "उलट उजवा जरा सुधारलाय. पुढचा."

"पुढचा नाही," थोरली म्हणाली. "आता साडेबाराला परत मोजा."

"म्हणजे?"

"सकाळी सहाला मी हे हात उघडलेत. दुपारी ते मिटतात. तुम्ही उघडलेले मोजलेत, आता मिटलेले मोजा. दोन्ही तिचेच आहेत."

"बाई, तपासणी एकदाच होते. नियम आहे."

"नियम तुमचा, हात आमचे."

कारकून म्हणाला, "उठा, बाई, लोक थांबलेत बाहेर." थोरलीनं तोंडाचा पट्टा सोडायला श्वास घेतला, तेवढ्यात धाकटी उठली, खोलीच्या कोपऱ्यात फायलींच्या कपाटाजवळ एक स्टूल होतं त्यावर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून ठेवले.

"मी इथं बसते," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या. मी बोलणार नाही."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. शिपायाला बोलवावं की काय, असं कारकुनाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा दारात बेकरीवाला उभा राहिला. "पुढचा मी आहे," तो म्हणाला, "आणि मला घाई नाही. त्या बसल्यात तोवर मी आत येणार नाही."

"मग त्याच्या पुढचा!" कारकून ओरडला.

बाहेरून कुणीच आलं नाही. भिंतीमागून सगळं ऐकू जात होतं. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बसू दे त्यांना. येऊ दे लोकांना. साडेबाराला बघतो, आणि नंतर तमाशा नको."

मग लोक यायला लागले. तीन तास थोरली कपाटाला टेकून उभी राहिली, कारण दुसरं स्टूल नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नाही. खोलीत एसी चालू होता. अकराला धाकटीची करंगळी वळली. मग शेजारचं बोट. डॉक्टर इतरांना तपासत होते, पण मधूनमधून त्यांचे डोळे कोपऱ्यात जात होते. साडेअकरानंतर जरा जास्तच. बाराला अंगठा आत ओढला गेला. धाकटीच्या कपाळावर घाम आला होता, हातांवर नव्हता.

साडेबाराला डॉक्टर स्वतः उठून तिच्याकडे गेले. त्यांनी उजवं मधलं बोट धरून उघडायचा प्रयत्न केला. धाकटीनं असा आवाज काढला की त्यांनी बोट सोडून दिलं. मग पट्टी लावली. पहिल्या हाताचे आकडे त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितले, दुसऱ्याचे हळू.

"बावन्न," कारकुनानं बेरीज करून सांगितलं. "पण साहेब, रकाना एकच आहे. सकाळचे आकडे लिहू का आत्ताचे?"

"आत्ताचे," डॉक्टर म्हणाले.

थोरलीनं कपाट धरलं. सुटलो, असं तिला वाटलं असावं. पण इथं एवढं सोपं सुटतंय कोण!

"इथं सही करा," कारकून म्हणाला.

धाकटीनं मिटलेला हात पुढं केला आणि तसाच ठेवला. पेन आत जायला फटच नव्हती.

"मग अंगठा द्या." त्यानं ठसा घ्यायचं यंत्र सरकवलं. थोरलीनं बहिणीच्या मुठीतून अंगठ्याचं टोक कसंबसं बाहेर काढून काचेवर टेकवलं. यंत्रात लाल दिवा लागला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल. मग शाईचा डबा आला, कागदावर एक गुळगुळीत निळा डाग उमटला.

"रेषाच नाहीत," कारकून म्हणाला.

"रेषा रोलरमध्ये राहिल्या!" थोरली म्हणाली. "जाऊन घेऊन येऊ का?"

"माझ्यावर कशाला चिडता, बाई? सही किंवा ठसा, दोन्हीतलं एक लागतं. त्याशिवाय फाइल पुढं जात नाही, आणि आज गेली नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. सकाळी येत होती ना सही? मग आत्ता हात उघडून करा."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. हात उघडत नाहीत असं लिहिलेल्या कागदावर सही करायला हात उघडायचे. तिनं आयुष्यात पुष्कळ शिव्या शिकून ठेवल्या होत्या, पण याच्या मापाची एकही सापडेना. तिनं पदर खोचला.

"गरम पाणी आणा," ती म्हणाली. "आणि एखादं पसरट भांडं. आणि थोडं तेल."

"इथं?"

"मग कुठं? घरी जाऊन उघडून आणले तर म्हणाल उघडतात!"

पाणी चहाच्या किटलीतून आलं, भांडं म्हणून फायलींचा प्लॅस्टिकचा ट्रे आला. तेल बेकरीवाल्याच्या पिशवीत होतं, तो स्वतःच्या अंगाला लावायचा. थोरली फरशीवर बसली, बहिणीला समोर बसवलं, हात पाण्यात बुडवले. पंधरा मिनिटांनी तिनं अंगठा वणांवर फिरवायला सुरुवात केली. इथं टॉवेल नव्हता आणि रेडिओही नव्हता. पहिलं बोट धरलं आणि धाकटी ओरडली. बाहेर बाकावरच्यांचं बोलणं थांबलं. दुसऱ्या बोटाला ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कारकुनानं कागदांवर उगाच टाचण्या रचायला घेतल्या. डॉक्टर उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. थोरलीनं ते बघितलं. तिनं हात थांबवला नाही, सकाळी जेवढा जोर लावते तेवढाच लावला, कमी नाही आणि जास्तही नाही, आणि धाकटी रडत राहिली, "ताई, पुरे, ताई, पुरे," आणि थोरली दर वेळेसारखीच म्हणत राहिली, "झालं, बाळा, झालं," अजून काहीही झालेलं नसताना.

एका हातालाच अर्धा तास गेला. धाकटीनं पेन धरलं आणि सही केली. वाकडी, चौकटीच्या बाहेर गेलेली. कारकून चौकटीबद्दल काहीतरी बोलायला गेला. डॉक्टर वळले, त्यांनी शिक्का स्वतःच उचलला आणि कागदावर मारला.

"रोज असं?" त्यांनी विचारलं.

"रोज दोनदा. सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही 'वा' म्हणालात."

थोरलीनं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि सवयीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शेवटची ओळ होती, 'वैधता एक वर्ष. त्यानंतर फेरतपासणी.'

"हे काय?"

"नियम आहे," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी ते तिच्याकडे बघत नव्हते.

"बरं," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. धाकटीला आश्चर्य वाटलं ते त्याचंच. "मग पुढच्या वर्षी आम्ही हात मिटलेलेच घेऊन येऊ. घमेलंही आणू, तेलही आणू. या टेबलावर करीन मी तिचे हात, पहिल्या बोटापासून शेवटच्यापर्यंत. तुम्ही या खुर्चीत बसायचं आणि बघायचं. खिडकीकडे जायचं नाही."

मग तिनं बहिणीला दंडाला धरून उठवलं, कारण हात धरण्यासारखे नव्हते, आणि बाहेर पडताना बाकावरच्या बेकरीवाल्याला म्हणाली, "जा आत. आणि बटणं सगळी काढा, ते नको म्हणाले तरी."